आधी ओपीडी बघा, मग प्रेफरन्स भरा

नीटचा निकाल लागला. एमबीबीएसच्या कटऑफपाशी गाडी अडली. घरात दोन दिवस कुणी फार बोललं नाही. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला, "बीएएमएस घे ना, डॉक्टरच होशील!" आणि सीईटी सेलचा प्रेफरन्स फॉर्म उघडला गेला. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात हा सीन होऊन गेला असेल. माझ्या मावसबहिणीच्या घरी तरी अगदी असाच झाला.

कॉलेजांचा क्रम ठरवताना आम्ही काय बघितलं? फी, पनवेलहून किती स्टेशनं, होस्टेल कसं आहे आणि मागच्या वर्षीचा कटऑफ. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे आयुष्याची साडेपाच वर्षं. पण तिथे पेशंट किती येतात, हे आमच्यातल्या एकानेही विचारलं नाही.

मग एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता आम्ही यादीतल्या एका कॉलेजात जाऊन धडकलो. इमारत एकदम भारी. ओपीडीत मात्र तीन आजी आणि एक वॉचमन. वॉर्डातल्या चादरींच्या घड्याही मोडलेल्या नव्हत्या. एका इंटर्नला विचारलं, "पेशंट नसले तर शिकता कसं?" तो हसला आणि म्हणाला, "पुस्तकातून केस लिहून काढतो."

बहिणीने त्या रात्री फॉर्ममधला क्रम बदलला.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजं आहेत. त्यातलं पहिलं १८९२ साली मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावात सुरू झालं. तिथून डीओ झालेल्या डॉक्टरला एमडीइतकाच पूर्ण परवाना मिळतो. आपल्या बीएएमएसची कायदेशीर स्थिती तशी नाही, त्यामुळे ही तुलना ओढूनताणून करू नका. पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. यातल्या बऱ्याच कॉलेजांकडे स्वतःचं मोठं हॉस्पिटल नसतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या हॉस्पिटलांत पाठवतात, कधी कधी दुसऱ्या शहरातही. त्यामुळे तिथली मुलं अर्ज करतानाच विचारतात : आम्हाला कुठे पाठवणार? एका वॉर्डात किती जण असणार? शिकवायला कोण असणार? आपण मात्र कॉलेजला स्विमिंग पूल आहे का, तेवढं विचारून येतो.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. २०१६ च्या नियमावलीत ६० जागांच्या आयुर्वेद कॉलेजसाठी किमान ६० खाटा, ओपीडीत दिवसाला सरासरी १२० रुग्ण आणि ४० टक्क्यांहून जास्त खाटा भरलेल्या, अशी अट होती. पुढे नियामक संस्था बदलली, नियमही बदलत गेले. पण त्यामागचा हिशेब साधा आहे : जितके विद्यार्थी, त्या प्रमाणात रुग्ण. तो हिशेब कागदावर जुळतोय की वॉर्डात, हे तुम्ही स्वतः जाऊन बघू शकता. हॉस्पिटलचं दार पेशंटसाठी उघडंच असतं. केसपेपरच्या खिडकीपाशी अर्धा तास बसलात तरी बरंच कळतं.

आणि सिनिअर्सना विचारा. ॲडमिशन ऑफिसमधल्यांना नव्हे, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना आणि इंटर्न्सना. प्रसूती किती बघितल्या? पंचकर्म स्वतः केलं की लांबून बघितलं? क्षारसूत्राच्या वेळी मदतीला उभं राहू देतात का? नाइट ड्युटी असते का? इंटर्नशिपमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात काम करता येतं का? स्टायपेंड किती, आणि तो हातात येतो का? या प्रश्नांना तीन इंटर्न्सनी तीन वेगळी उत्तरं दिली, तर काय ते समजून जा.

कुणी म्हणेल, आम्हाला एवढा चॉइस कुठे? मान्य आहे. वरळीचं पोदार, पुण्याचं टिळक अशा नावाजलेल्या जुन्या कॉलेजांचा कटऑफ सगळ्यांना झेपत नाही. घरून जा-ये केली की होस्टेलचा खर्च वाचतो, हेही खरं. जवळचं कॉलेज वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. यादीतल्या चार नावांत पेशंट असलेलं नाव वर टाका, इतकंच.

हे फक्त तुमच्या करिअरपुरतं नाही. आपल्या पनवेलला आयुर्वेद नवा नाही; १८७२ पासून धूतपापेश्वरची औषधं इथे बनताहेत. पण आजचं चित्र जरा वेगळं आहे. छोट्या खासगी हॉस्पिटलांत रात्री दोन वाजता ड्युटीवर असणारा डॉक्टर बऱ्याचदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. एक्स्प्रेस वेवर अपघात झाला की १०८ ची ॲम्ब्युलन्स येते, त्यातही बऱ्याचदा तेच असतात. त्या क्षणी समोरच्या माणसाला त्यांची डिग्री दिसत नाही. या हातांनी आधी कधी पेशंट सांभाळलाय की नाही, एवढंच महत्त्वाचं असतं. पुस्तकातून केस लिहून काढणाऱ्या त्या इंटर्नचा मला राग येत नाही. त्यालाही शिकायचंच होतं, त्याच्यासमोर पेशंटच आला नाही.

म्हणून एक मागणी. प्रत्येक कॉलेजने दर महिन्याचे ओपीडीचे, भरती रुग्णांचे आणि प्रसूतींचे आकडे वेबसाइटवर टाकावेत. सीईटी सेलने ते प्रेफरन्सच्या यादीत कॉलेज कोडच्या शेजारी दाखवावेत. हे करणं अवघड नाही. आकडे खोटे निघाले, तर ते सांगायला तिथे शिकणारी मुलं आहेतच.

ते होईल तेव्हा होईल. तोवर फॉर्म लॉक करण्याआधी एक दिवस काढा. लोकल पकडा, अकरा वाजता ओपीडीत जाऊन बसा आणि पेशंट मोजा.