रविवारचा वर्ग आणि वहिनींची सही

मागच्या आठवड्यात एका तरुण मित्राने फोनवर विचारलं, "काका, विहारातल्या रविवारच्या वर्गाला मोठी माणसं टिकत नाहीत, काय करावं?" उत्तर लांबलं, म्हणून इथेच लिहितो. पटलं नाही तर खुशाल भांडा.

माझं मत स्पष्ट आहे. माणसं टिकत नाहीत यात दोष शिकवणाऱ्याचा. मी स्वतः तो दोष केलेला आहे.

मी बी.कॉम., उभं आयुष्य बँकेत गेलं. निवृत्त होऊन सौंसरला परतलो तेव्हा वस्तीतल्या मंडळींनी वर्षावासातला वाचनाचा वर्ग माझ्या गळ्यात घातला. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, दर रविवारी बाबासाहेबांचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'. मी हेड ऑफिसचं सर्क्युलर समजवावं तसा शिकवायला लागलो. फळा, खडू, मुद्दा एक, मुद्दा दोन. शेवटी प्रश्न, म्हणजे पाठांतराची परीक्षाच. पहिल्या रविवारी चाळीसेक जण होते, पाचव्याला नऊ.

त्यात एक अक्कल अशी लढवली, की प्रत्येकाने आळीपाळीने एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा. पुस्तक फिरत फिरत एका वहिनींपाशी आलं. साठीच्या, विधवा, निंदणाला जाणाऱ्या. त्यांनी पुस्तक हातात धरलं, चष्मा विसरला म्हणाल्या, उठल्या आणि गेल्या. पुढच्या रविवारी आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत.

मला आधीच कळायला हवं होतं. बँकेच्या काउंटरवर अशा किती बाया पाहिल्या! अंगठा लावायची लाज वाटते म्हणून फक्त स्वतःची सही गिरवून शिकलेल्या. विड्रॉलचा फॉर्म दुसऱ्याकडून भरून घ्यायच्या आणि सही मात्र ऐटीत करायच्या. त्या सहीमागे काय झाकलंय हे मला माहीत होतं, आणि मीच भर विहारात ते उघडं पाडलं.

घरी गेलो. म्हटलं, "वहिनी, काहून येत नाही?" त्या म्हणाल्या, "भाऊजी, मी ऐकाले येत होती. तुमी तं मले शाळेत बसोलं." (इकडची बोली ज्यांना कळते त्यांना ते 'बसोलं' बरोबर लागेल.)

तेव्हापासून फळा बंद. गोल बसायचं, प्रसंग मी वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि एकच प्रश्न टाकायचा. तो असा, की ज्याचं उत्तर पुस्तकात नाही, त्यांच्या आयुष्यात आहे. त्या वर्षी रोहिणी नदीचा प्रसंग घेतला. सिद्धार्थाने घर का सोडलं, याचं बाबासाहेबांनी दिलेलं कारण म्हातारा-रोगी-प्रेत पाहिले हे नाही; शाक्य आणि कोलीय यांच्यातला पाण्याचा तंटा हे आहे. सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, दोन्हीकडचे पंच नेमा म्हणतो, मतदानात हरतो. मग घराण्यावर बहिष्कार आणि जमीनजप्तीची धमकी येते. मी विचारलं, "तुम्ही त्या सभेत असता तर हात कोणाच्या बाजूने वर केला असता?"

बाप्पा! संत्र्याच्या बागा, उन्हाळ्यात आटणारे बोअर, सामायिक विहिरी, सगळं निघालं. दोन सख्खे भाऊ, पाण्याच्या पाळीवरून चार वर्षं अबोला, एकमेकांकडे न बघता एकमेकांनाच उत्तरं देत होते. आणि वहिनी (मी खूप विनवून आणल्या होत्या) म्हणाल्या, "यशोधरेले कोनं इचारलं का?" मी पानं उलटली. विचारलेलं आहे, राहुलला सांभाळायचं नसतं तर आपणही निघालो असतो, असं ती सांगते. माझं पुस्तक दोनदा वाचून झालं होतं, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

काही जण म्हणतात, अशाने वर्गाच्या गप्पा होतात. होतात की. पण मोठ्या माणसाला रविवारी शिकवायची पद्धत जुनीच आहे. इंग्लंडात नॉटिंगहॅमला १७९८ मध्ये कामकरी बायांसाठी अशी शाळा निघाली होती. आपल्याकडे जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये मजूर-शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण दिवसा त्यांना वेळ नसतो. आम्ही मात्र वर्ग सकाळी दहाला ठेवून बाया येत नाहीत म्हणून रडत होतो! वर्षावासात निंदणाचे दिवस, रविवारचीही मजुरी कोण बुडवेल? वर्ग संध्याकाळी सातला नेला.

आमच्या सौंसरची आणखी एक अडचण आहे, भाषेची. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली तेव्हा नागपूर आमच्याच प्रांताची राजधानी होती. १ नोव्हेंबरला राज्यं बदलली आणि मधे सीमा आली. आज म्हातारे मराठी बोलतात, नातवंडं हिंदीत शिकतात, आणि दीक्षाभूमीच्या स्टॉलवरून आणलेल्या मराठी पुस्तकाची भाषा दोघांनाही जड जाते. म्हणून मी भदन्त आनंद कौसल्यायन यांचा हिंदी अनुवादही जवळ ठेवतो आणि अर्थ आमच्या बोलीत सांगतो. शुद्ध भाषेचा आग्रह धरणाऱ्यांनी एकदा येऊन बसावं.

ते दोन भाऊ अजून बोलत नाहीत, पण दोघेही वर्गाला येतात. वहिनींनी एक दिवस वर्ग सुटल्यावर हळूच सांगितलं, "सही येते मले. बाकीचं घरी शिकवा, इथं पोट्टे हासतेत." आता दर गुरुवारी त्यांच्या ओसरीवर बसतो. 'ळ' अजून उलटा निघतो.