दिवा बाबांनी चालू ठेवला नव्हता

या पानावर आपण आजीच्या हातच्या पुरणपोळ्या, होळकरांच्या वेळचे वाडे, मिलचे भोंगे असं सगळं लिहीत असतो. आज मी गाडीच्या वायरींवरून भांडायला आलोय. आठवण आहेच, पण तक्रार जास्त आहे, आणि तक्रारीतला पहिला आरोपी मीच.

आमची वॅगन-आर बाबांनी रिटायर झाल्यावर घेतली. रामबागेतून निघायचं, देवासला आत्याकडे जायचं, वाटेत कुमारजी ऐकायचे. कुमारजींच्या देवासला कुमारजींना ऐकत जाणं, यात बाबांचा रविवार सुखाचा. सीडी अडकायला लागली तेव्हा त्यांच्या पंचाहत्तरीला मी बाजारातून नवा स्टिरिओ घेतला. पेन ड्राइव्ह, ब्लूटूथ, सगळं. दुकानातल्या पोराने अर्ध्या तासात बसवून दिला. मी बाहेर उभा राहून पोहे खाऊन राहिलो होतो. आत काय चाललंय ते बघितलंसुद्धा नाही.

पंधरा दिवसांनी गाडी स्टार्ट होईना. ढकलली, चालली. पुन्हा चार दिवसांनी तेच. मेकॅनिक म्हणाला, "बॅटरी बैठ गई भिया, बदलवा लो." बदलली. महिन्याभराने नवी बॅटरीपण बसली. मग तोच म्हणाला, "बाबूजी अंदर की लाइट खुली छोड़ देते होंगे."

झालं! घरात सगळ्यांना पटलं. आई म्हणाली, हो, गॅससुद्धा चालू ठेवतात हल्ली. मी म्हणालो, वय झालं. पुण्याच्या ताईने फोनवर सांगितलं की डॉक्टरला दाखवा, अशीच सुरुवात असते. बाबा सांगत होते, "अरे, मी दिवा बंद करतो, काचेतून बघतो, मग कुलूप लावतो." कोणी ऐकलं नाही. जे रोज चालवतात त्यांची गाडी सुरू होते आणि बाबांचीच बंद पडते, याचा अर्थ आम्ही एकच काढला. दिवाळीच्या आधी मी किल्ली माझ्याकडे घेतली. बाबांनी ती टेबलावर ठेवली आणि आत निघून गेले.

दिवाळीला आम्ही सगळे रेल्वेने पुण्याला गेलो. गाडी मी स्वतः लावली, दिवा स्वतः बंद केला. पाचव्या दिवशी परत येऊन किल्ली फिरवली तर नुसतं टक-टक. आता विसरलं कोण?

माझा एक मित्र वीज मंडळात आहे. तो मीटर घेऊन आला. किल्ली काढली, दारं लावली, बॅटरीची मायनस तार सोडवली आणि तार व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडला, 10 अँपिअरच्या रेंजवर. बंद गाडीने फार तर 0.05 अँपिअर खायला हवेत. आमची 0.42 खात होती. मग त्याने एकेक फ्यूज काढून बघितला. स्टिरिओचा फ्यूज काढल्याबरोबर आकडा खाली आला.

हिशेब करा. 0.42 अँपिअर म्हणजे चोवीस तासांत दहा अँपिअर-तास. आमची बॅटरी 35 ची. दोन दिवसांत निम्म्याहून जास्त रिकामी, तिसऱ्या दिवशी स्टार्टर फिरत नाही. मी ऑफिसला रोज नेली की रोज थोडी भरते, म्हणून माझ्या हातात चालते. बाबा आठवड्यातून एकदा काढतात, म्हणून त्यांच्या हातात पडते. आणि गंमत बघा, पाच वॅटचा आतला दिवा साधारण तेवढाच करंट खातो. म्हणजे आरोप हिशेबात अगदी चपखल बसत होता. फक्त खोटा होता.

स्टिरिओ बाहेर काढला तेव्हा मित्राने कपाळावर हात मारला. बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंना दोन पॉझिटिव्ह वायरी असतात. पिवळी कायम बॅटरीला, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवण्यापुरती. लाल किल्लीवरच्या वायरीला, म्हणजे किल्ली काढली की स्टिरिओ झोपतो. त्या पोराने लाल-पिवळी एकत्र पिळून दोन्ही कायमच्या करंटला जोडल्या होत्या. किल्लीवरची वायर शोधायची कोण? बाबा बटण दाबून स्टिरिओ बंद करत होते. पडदा काळा व्हायचा, पण आतून तो जागाच.

एवढ्यावर थांबलं नाही. कंपनीचा प्लग कापून फेकलेला. वायरी हाताने पिळून वर काळी टेप, आणि आपल्या माळव्याच्या मे महिन्यात तिचा डिंक पातळ होऊन टेप सुटलेली. डॅशबोर्डच्या दिव्यांची नारिंगी वायर उघडी, पत्र्याला टेकणारी. बाबा म्हणाले होते की एका रात्री देवासहून येताना मीटरचे आणि मागचे दिवे गेले. तेही आम्ही ऐकलं नव्हतं. कोणीतरी तो फ्यूज बदलला होता, 10 अँपिअरच्या जागी 20 चा. फ्यूज वायरीला वाचवतो. बारीक वायरीवर जाडा फ्यूज टाकला, तर उद्या फ्यूज उडायच्या आधी वायर पेटेल. ए.बी. रोडवर, रात्री, ट्रकांच्या रांगेत, मागचे दिवे नसलेली गाडी आणि आत पंचाहत्तरीचा माणूस. मी अजूनही त्यावर जास्त विचार करत नाही.

आता भांडण. हे मी आमच्या फॅमिली ग्रुपवर लिहिलं तर काकांचं लगेच उत्तर, "म्हणून मी सांगतो, बाहेरचा स्टिरिओ लावूच नये." काका, माफ करा, हे चूक आहे. स्टिरिओचा दोष नव्हता. तोच स्टिरिओ आज त्याच गाडीत वाजतोय. दोष कापलेल्या प्लगचा होता. गाडीच्या मॉडेलप्रमाणे कपलर मिळतो, एका बाजूने गाडीच्या प्लगमध्ये बसतो, दुसऱ्या बाजूने स्टिरिओत. गाडीची एकही वायर कापावी लागत नाही. दोन-चारशे रुपयांत येतो. दुकानदाराने मला विचारलं होतं, कपलर टाकू का? मी म्हणालो, "जरूरत है क्या?" आठ हजारांच्या स्टिरिओवर मी चारशे वाचवले. नंतर बॅटरीला चार हजार घातले. आपण मराठी लोक याला काटकसर म्हणतो!

आणि बॅटरी बदला म्हणणाऱ्यांना तर माझं खुलं आव्हान आहे. बदलायच्या आधी दोन आकडे दाखवा. गाडी रात्रभर उभी असताना भरलेल्या बॅटरीवर 12.6 च्या आसपास, आणि इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट. दुसरा आकडा ठीक असेल, तर अल्टरनेटर भरतोय. मग भरलेली बॅटरी रात्रीत कोण पितंय ते शोधा. ही पाच मिनिटांची गोष्ट आहे. ती कोणी केली नाही, कारण म्हाताऱ्या माणसाला दोष देणं मीटर जोडण्यापेक्षा सोपं पडतं. दोष त्या मेकॅनिकचा आहेच. पण त्याचं ऐकून बापाच्या हातातून किल्ली घेणारा मेकॅनिक नव्हता.

घरी तपासणार असाल तर थोडं सांभाळून. मीटर मध्ये जोडलेला असताना किल्ली फिरवू नका, स्टार्टरच्या करंटने मीटरचा फ्यूज जाईल. दार उघडं ठेवावं लागलं तर दाराचा खटका दाबून ठेवा, नाहीतर आतला दिवाच मोजाल. नवीन गाड्यांत कॉम्प्युटर झोपायला वेळ लागतो, वीस-तीस मिनिटं थांबून आकडा घ्या. गाणं लावल्यावर इंजिनाबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू येत असेल, तर आधी काळी वायर, म्हणजे अर्थिंग बघा. पुष्कळदा ती रंगावरच कसलेली असते, पत्र्यावर नाही. आणि प्लग आधीच कापला गेला असेल, तर जोड सोल्डर करून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवून घ्या. टेपवर भरवसा नाही.

बाबांना किल्ली परत दिली. माफी मागितली, ते "असू दे रे" म्हणाले. रविवारी देवासला जातात. पण उतरल्यावर आता दोनदा काचेला नाक लावून आत बघतात, आणि आत येऊन आईला सांगतात, "दिवा बंद आहे हं." पूर्वी सांगत नव्हते.

मित्राचं बघून मीपण एक मीटर घेतला. आपल्या रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगरात कोणाला लागला तर घेऊन जा. परत मात्र आणून द्या, शिडी गणपतीत दिलेली अजून आली नाही.