आठ दिवसांचे शांघाय

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला एक पाहुणे आले होते. त्यांचे नाव सांगत नाही आणि सांगण्याची गरजही नाही. या वाणाचे गृहस्थ हल्ली प्रत्येक तालुक्याला एक तरी सापडतात. आठ दिवस शांघायला जाऊन आलेले हे गृहस्थ पाऊण तास चीनवर बोलले. रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही, मेट्रो घड्याळाच्या काट्यावर धावते, भाजीवालीसुद्धा पैसे मोबाइलवर घेते, सकाळी बागेत म्हातारी माणसे कवायत करतात आणि रात्री चौकात बायका एका तालात नाचतात, हे सारे त्यांनी मोठ्या रसाळपणे सांगितले. तोवर मीही मन लावून ऐकत होतो. पण पुढे ते म्हणाले, "चिनी माणसाच्या रक्तातच शिस्त आहे. आणि आपण? ही तुमचीच पोरं बघा, हातसुद्धा धुऊन येत नाहीत!" असे म्हणून त्यांनी पहिल्या रांगेतल्या एका मुलाचा हात धरून वर केला. नखांत पांढरे भरले होते. सभा हसली.

ज्यांनी आमचे राजूर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. वणी तालुक्यातले हे गाव कोळशाच्या खाणीने आणि चुन्याच्या भट्ट्यांनी वाढवले. एका धंद्याने माणूस काळा होतो, दुसऱ्याने पांढरा. खाणीमुळे निरनिराळ्या मुलखांतली माणसे इथे येऊन राहिली, आणि भट्टीत चुनखडी भाजून निघालेला चुना दूरदूरच्या भिंतींना लागला. त्या मुलाची आई भट्टीवर कामाला आहे. तिचा डबा पोचवून पोरगा तसाच शाळेत आला होता. त्याच्या नखांत होता तो चुना होता, मळ नव्हे.

मुलाने हात सोडवून घेतला आणि जागेवरूनच विचारले, "त्या बिल्डिंगा बांधनाऱ्याइचे लेकरं कोनत्या शाळेत जातात जी?"

पाहुणे हसले. "बाळ, सहलीत अशी माहिती देत नाहीत," म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

आभार मानायचे काम माझ्याकडे होते. मी आभार मानले, आणि चांगले अलंकारिक शब्द वापरून मानले. ही गोष्ट तेव्हापासून मला खाते आहे. त्या दिवशी व्यासपीठावर जे बोलायला हवे होते ते आज या पानांवर बोलतो. मॅट्रिकपलीकडे न गेलेला मास्तर मी. चीन काही पाहिलेला नाही. पण वाचता येते, आणि पोराचा प्रश्न वाऱ्यावर सोडून देण्याइतका अडाणी नव्हता एवढे कळते.

त्याचे उत्तर असे आहे. चीनमध्ये 1958 साली कायदा झाला आणि प्रत्येक कुटुंबाची नोंद त्याच्या मूळ गावाशी बांधली गेली. तिला तिकडे हुकोऊ म्हणतात. माणूस पोटासाठी शहरात येऊ शकतो, पण नोंद गावाकडची ती गावाकडचीच. शहरातली सरकारी शाळा, दवाखान्याच्या सवलती या गोष्टी त्या नोंदीवर अवलंबून. पुढे नियम बरेच सैल झाले, लहान शहरांत तर फारच. पण शांघाय-पेकिंगसारख्या शहरांची दारे अजूनही अरुंद आहेत. 2020 च्या जनगणनेत शांघायची वस्ती सुमारे 2 कोटी 48 लाख भरली. त्यांतले एक कोटीच्या वर लोक बाहेरगावचे. साऱ्या चीनमध्ये खेड्यांतून आलेले असे कामकरी जवळपास 30 कोटी आहेत. विटा तेच चढवतात, रस्ता तेच झाडतात, दारात जेवणाचा डबा तेच आणून देतात. त्यांची कितीतरी मुले गावी आजीआजोबांपाशी वाढतात. जी शहरात आईबापांजवळ असतात, त्यांतल्याही पुष्कळांना कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेसाठी नोंदीच्या प्रांतात परतावे लागते. पाहुण्यांना कागदाचा कपटा दिसला नाही हे खरेच असेल. तो उचलणाराही त्यांना दिसला नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

आता "रक्तातली शिस्त". शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच चिनी माणसाला गोऱ्या प्रवाशांनी आळशी, घाणेरडा आणि अफूबाज ठरवले होते. माळव्यात पिकलेली ती अफू मुंबई बंदरातून गलबते भरभरून तिकडे गेली आणि त्या व्यापारावर आमच्याकडच्या मोठमोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या, हे सांगायचे मात्र हे प्रवासी विसरत. रक्त तेव्हाही तेच होते. रस्ते, शाळा, नळ, पगार बदलले, आणि हे बदलण्यात त्या लोकांनी जे कष्ट उपसले ते मला लहान करायचे नाहीत. इकडे दिवाळीला चिनी दिव्यांच्या माळा लावून, त्याच उजेडात बसून चीनला शिव्या देणारे दुसऱ्या टोकाचे गृहस्थही मला ठाऊक आहेत. त्यांचा समाचार पुढच्या दिवाळीला.

पाहावे कसे, हे मला एका चिनी माणसाकडूनच कळले. ह्युएनत्संग 629 साली घरून निघाला आणि 645 साली परतला. मधल्या काळात त्याने नालंदेला राहून संस्कृत शिकून घेतले, मग पुलकेशीच्या राज्यात आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. इथली माणसे मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले. ते वाचून आपण फुशारतो. पण त्यानेच आपल्या देशातल्या नगरांबद्दल आणखी एक गोष्ट टिपली आहे : खाटीक, कोळी, झाडूवाले यांची घरे नगराबाहेर असतात. परका माणूस, यात्रेला आलेला. तरी नगराच्या वेशीबाहेर कोणाला ठेवले आहे हे त्याच्या नजरेतून सुटले नाही.

आणि आपल्यातलाच हवा असेल तर सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आहेत. 1938 साली हिंदुस्थानातून पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले. त्यात आमच्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. जपानशी युद्ध पेटलेले; कँटन, हँको, चुंगकिंग ही शहरे त्यांनी त्या वणव्यात पाहिली. कोटणीस तिथेच राहिले. चिनी बोलायला, लिहायला शिकले, आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, को चिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. मुलाचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे हिंद, हुआ म्हणजे चीन. 9 डिसेंबर 1942 रोजी हपे प्रांतातल्या एका खेड्यात ते गेले. वय अवघे 32. चार वर्षे त्या लोकांत राहूनही चिनी माणूस रक्ताने असा अन् हिंदी माणूस तसा, असली पोथी त्यांनी कुणापुढे वाचल्याचे माझ्या वाचनात नाही. आमच्या पाहुण्यांना मात्र आठ दिवस पुरले, आणि त्यांतले दोन बाजारहाटात गेले, असे त्यांनीच सांगितले होते!

प्रवास करू नका असे मी कशाला म्हणू? ज्याला परवडते त्याने जरूर जावे, परत येऊन आम्हांला सांगावे. आम्ही जमिनीवर बसून ऐकू. फक्त परदेशातल्या झाडलेल्या रस्त्याने इथल्या पोराचे हात मोजू नयेत. त्या मुलाचा बाप नागपूरला इमारतींच्या कामावर असतो. पोराने शांघायबद्दल जे विचारले ते त्याच्या घरचेच होते.

संमेलनानंतरच्या सोमवारी मी वर्गाला निबंध दिला, "मी पाहिलेले शहर". बहुतेकांनी पाहुण्यांचे भाषण जमेल तसे उतरवून काढले. त्या मुलाने नागपूर लिहिले. सुटीत तो बापाकडे आठ दिवस राहिला होता. सातव्या मजल्यावर अजून खिडक्या बसल्या नव्हत्या, म्हणून वारा खूप येई. रात्री खालचे दिवे मोजता मोजता झोप लागे. भिंतीला चुना लावला तेव्हा "हा आपल्या राजूरचा आहे का" असे त्याने बापाला विचारले, आणि बाप म्हणाला, असेल.

मी दहापैकी आठ गुण दिले. दोन शुद्धलेखनाचे कापले.