गॅरेजवाल्यांना शाळेत बोलवा

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की मी नववीच्या वर्गात आधी बाकं पाहते आणि मग मुलं मोजते. बाकं तेवढीच असतात. मुलं मात्र दोन-तीन कमी झालेली असतात, आणि कमी झालेले बहुतेक मुलगेच असतात. विचारलं की मागच्या बाकावरून उत्तर येतं, "मॅडम, वो काम पे लग गया." कोणी गॅरेजवर, कोणी वेल्डिंगच्या दुकानात, तर कोणी मामाकडे मुंबईला बॅगांच्या कारखान्यात.

गेल्या वर्षी असाच एक मुलगा गेला. गणितात बरा, मराठीत काठावर, वागायला शहाणा. एका संध्याकाळी घरी जाताना मी त्या गॅरेजसमोर थांबले. मुलगा स्कूटरचं चाक उघडून बसला होता. मला पाहून त्याने ऑइलने काळे झालेले हात पाठीमागे लपवले. उस्तादांनी स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. मी रागातच होते, तरी त्यांचं ऐकून घेतलं. ते म्हणाले, "मॅडम, मी ह्याला बोलावलं नाही. ह्याचा बाप हात धरून सोडून गेला. मी नको म्हटलं असतं तर समोरच्याने ठेवून घेतला असता."

हे वाक्य मी घरी घेऊन आले. आपण शिक्षक पालकांना समजावतो, मुलाला समजावतो, फार झालं तर एखाद्या दुकानदाराला चार शब्द सुनावतो. पण एकट्या उस्तादाने नाही म्हणून काही होत नाही. पूर्ण बाजाराने नाही म्हटलं तरच ते नाही ठरतं. म्हणजे बोलायचं होतं ते व्यवसायाच्या संघटनेशी.

कायद्याचं म्हणाल, तर २०१६ च्या दुरुस्तीपासून १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत करण्याची सवलत आहे. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याची कामं देता येत नाहीत. आमचा मुलगा पंधरा वर्षांचा. चाकं उघडण्याचं काम कदाचित कायद्यात बसतही असेल. मला भांडण कायद्याचं करायचंच नव्हतं.

उस्तादांनीच दुसरी गोष्ट सांगितली, आणि माझ्या मते खरी गाठ तिथे आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्सच्या गाड्या आल्या. दुचाकींतला कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. पूर्वी कानाने इंजिन ऐकून दोष सांगणारा कारागीर आता स्कॅनर लावतो, आणि स्कॅनर इंग्रजीत कोड दाखवतो. "पचीस साल का तजुर्बा है मॅडम, पर कोड पढने के लिए भतीजे को बुलाना पडता है," असं म्हणताना ते हसले, पण ते हसणं मला काही बरं वाटलं नाही. मी विचारलं, हीच गोष्ट तुम्ही वर्गात येऊन सांगाल का? ते म्हणाले, मी पाचवी नापास, मी काय सांगणार?

आमच्याकडे गॅरेजं शुक्रवारी बंद असतात. जुम्याच्या नमाजनंतर त्यांच्या संघटनेची बैठक एका शोरूमच्या मागच्या गोदामात झाली. मुख्याध्यापक आणि मी गेलो. मी एकटीच बाई, त्यामुळे सुरुवातीला सगळे जरा अवघडून बसले होते. आमची मागणी एवढीच होती: दहावीची परीक्षा होईपर्यंत शाळेच्या वेळेत कोणत्याही गॅरेजने मुलगा ठेवायचा नाही. शिकायचं असेल तर असरनंतर दोन तास, तेही वहीवर हजेरी मांडून. एकजण म्हणाला, त्याच्या घरचा चुलीचा खर्च शाळा देणार का? प्रश्न रास्त होता. दोघे उठून गेले. एकाने मला अगदी नम्रपणे सुनावलं की तुमच्या शाळेत दहावी झालेली मुलंही माझ्याकडेच येतात, मग दोन वर्षं आधी आली तर काय बिघडलं? त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. मी इतकंच सांगितलं की दहावी झालेल्याला आयटीआयचा दरवाजा उघडा असतो, शिकाऊ उमेदवार म्हणून कंपनीत जाता येतं, आणि कोड वाचायला पुतण्याला बोलवावं लागत नाही. यावर मंडळी हसली आणि बैठक थोडी सैल झाली.

शेवटी बाकीच्यांनी मान्य केलं. चुलीच्या खर्चाचं असं ठरलं की प्रत्येक गॅरेजने दर शुक्रवारी संघटनेच्या डब्यात काही टाकायचं आणि अशा दोन घरांना महिन्याचं रेशन द्यायचं. रक्कम सांगण्यासारखी मोठी नाही.

हा डबा पाहून मला तुर्कस्तानातल्या अखी लोकांची आठवण झाली. तेराव्या शतकात अनातोलियात कारागिरांचे संघ उभे राहिले. किरशेहिर गावचे अखी एवरान हे त्यांचे पीर मानले जातात, आणि ते स्वतः चामडं कमावणारे होते. इब्न बतूता चौदाव्या शतकात तिथून गेला तेव्हा त्याने पाहिलं की हे तरुण दिवसभर आपापलं काम करतात, संध्याकाळी कमाई एकत्र आणतात आणि त्यातून मुसाफिरांना जेवू घालतात. या संघांत शागिर्दाला फक्त हत्यार धरायला शिकवत नसत. संध्याकाळी झावियात बसवून लिहिणं, वाचणं आणि अदब शिकवत. उस्तादाची जबाबदारी दुकान बंद झालं की संपत नसे.

आपल्या मुंबईतलं उदाहरण तर अजून जवळचं आहे. १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली तेव्हा पुढाकार घेणाऱ्यांत बदरुद्दीन तय्यबजी होते, त्यांचे भाऊ कमरुद्दीन होते आणि नाखुदा मुहम्मद अली रोगे होते. बदरुद्दीन बॅरिस्टर, कमरुद्दीन सॉलिसिटर, आणि रोगे कोकणी मुसलमानांतले बडे व्यापारी. नाखुदा हा शब्दच जहाजाचा. म्हणजे वकिलीचा अभ्यास आणि बंदरावरचा पैसा एका टेबलावर बसले, तेव्हा शाळा झाली. बदरुद्दीन पुढे १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले, हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, तरी अंजुमनचं काम त्यांनी सोडलं नाही. त्याच अंजुमनने १९३६ मध्ये भायखळ्याला साबू सिद्दीक यांच्या नावाने हुनर शिकवणारी संस्था काढली. हाजी साबू सिद्दीक कच्छी मेमन व्यापारी घराण्यातले. त्यांच्या नावाचा मुसाफिरखाना आजही क्रॉफर्ड मार्केटजवळ आहे. आपल्याकडचे लोक हे नाव रोज घेतात, पण ते नाव एका व्यापाऱ्याचं आहे हे मुलांना ठाऊक नसतं.

सीरतच्या पुस्तकांत बद्रच्या कैद्यांची हकीगत आपण सगळ्यांनी वाचलेली आहे. ज्यांच्याकडे फिदिया द्यायला पैसा नव्हता पण लिहिता येत होतं, त्यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अन्सारांच्या मुलांना लिहायला शिकवण्याच्या बदल्यात सोडलं. ज्याच्याकडे जे आहे, ते त्याच्याकडून घेतलं गेलं.

आता मदतीविषयी थोडं कडू बोलते. शाळेला मदत म्हटलं की आपल्याकडे पंखा येतो. पंख्याच्या पातीवर नाव रंगवलेलं असतं, आणि फोटो काढेपर्यंत अख्खा वर्ग उन्हात उभा असतो. एकदा एक मोठे डॉक्टर आले. माणूस चांगला, पण तास सगळा इंग्रजीत झाला आणि मुलांनी शेवटी विचारलं, "मॅडम, ये क्या बोले?" पंखा नको असं मी म्हणत नाही. मे महिन्यात तो लागतोच. पण आमच्या शाळेला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला माणूस कोण, विचाराल तर मी सेतू केंद्र चालवणाऱ्या एका तरुणाकडे बोट दाखवीन.

आठवीत एनएमएमएस नावाची परीक्षा असते. ती पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. सरकारी, नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी ही आहे, आणि पालकांचं वर्षाचं उत्पन्न ३.५ लाखांच्या आत लागतं. मुलं हुशार असतात, पास होतात आणि कागदात अडकतात. आपल्या घरांतली नावंच बघा. इंग्रजीत 'शेख' शाळेच्या दाखल्यावर एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या आणि बँकेच्या पासबुकावर तिसऱ्या तऱ्हेने लिहिलेला. मुहम्मदचं तर विचारूच नका, कुठे पूर्ण, कुठे 'मो.' आणि पुढे टिंब. फेरीवाल्या बापाकडे पगाराची पावती नसते, मग तहसीलचा उत्पन्नाचा दाखला अडतो. हा तरुण जूनमध्येच, परीक्षा कित्येक महिने लांब असताना, शाळेत दोन दिवस बसला. प्रत्येक मुलाचे तिन्ही कागद शेजारी ठेवून फरक लाल पेनने दाखवले आणि दुरुस्तीचे अर्ज तिथेच भरून दिले. त्याने पैसे घेतले नाहीत, सत्कारही घेतला नाही. नारळ दिला तो शिपायाला देऊन गेला.

ज्यांना गावातला ओळखीचा रस्ता नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारचं 'विद्यांजली' आहे. त्यावर शाळा आपली गरज नोंदवते आणि निवृत्त अभियंता, परिचारिका, शिंपी, कोणीही आपला वेळ देऊ शकतो. २०२१ पासून ते नव्या रूपात चालू आहे. आमच्या शाळेने नोंदणी केली, पण खरं सांगायचं तर माणसं आली ती चहाच्या टपरीवरच्या ओळखीतून.

मुलींचं राहिलं. आमच्या मोहल्ल्यात घराघरांत शिलाई मशीन आहे आणि आठवी-नववीच्या मुली फॉल-पिको, मणी-टिकली यात संध्याकाळपासून बसतात. त्यांचं कुठे नाव नाही, हजेरी नाही, म्हणून त्या 'कामाला लागल्या' असं कोणी म्हणत नाही. गॅरेजवाल्यांची निदान संघटना आहे, बैठक बोलावता येते. या बायकांना माल देणारे व्यापारी बाजारात बसतात. त्यांच्याशी बोलायला मी दोनदा गेले, दोन्ही वेळा "शेठ बाहर गये हैं" ऐकून परत आले. तिसऱ्यांदा जाणार आहे, इन्शाअल्लाह. या वेळी चार आयांना बरोबर घेऊन.

तो मुलगा वर्गात परत आला आहे. इंग्रजी अजून कच्चं आहे, आणि असरनंतर गॅरेजवर जातो म्हणून गृहपाठ कधी होतो, कधी नाही. परवा वहीच्या मागच्या पानावर त्याने स्कॅनरवरचे कोड उतरवून आणले आणि अर्थ विचारला. तीन मला आले, दोन नाही. उस्ताद पुढच्या महिन्यात आठवीच्या वर्गावर येणार आहेत, जुना कार्बोरेटर पिशवीत घालून. अट एकच घातली आहे, फळ्यावर लिहायला सांगायचं नाही.