पटकथा लेखकाची, रॉयल्टी कोणाची?

‘जंजीर’ (१९७३) प्रदर्शित झाला तेव्हा पोस्टरवर सलीम-जावेद यांचे नाव नव्हते. त्यांनी रंगारी पाठवून ते रंगवून घेतले. श्रेयनामावलीचा प्रश्न पुढे बराचसा सुटला, पैशांचा मात्र अजूनही सुटलेला नाही.

कायदा काय सांगतो? २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार चित्रपटगृहाबाहेर, म्हणजे टीव्ही, ओटीटी आदी माध्यमांत कृतीचा वापर झाल्यास लेखकाला रॉयल्टीचा समान वाटा मिळायला हवा. हा हक्क करार करूनही सोडता येत नाही; तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो.

मग अडते कुठे? ठोक रक्कम देऊन ‘सर्व हक्क’ लिहून घेणाऱ्या करारांत. काम जाईल या भीतीने नवा लेखक सही करतो. दैनंदिन मालिकांत तर कथा, पटकथा आणि संवाद वेगवेगळ्या हातांत असतात. मानधन भागामागे ठरते. मालिका थांबली की तेही थांबते.

दुसरी अडचण चोरीची. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले. त्यामुळे गोष्ट ऐकवण्याआधी ती सविस्तर लिहून स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवणे शहाणपणाचे.

अमेरिकेतील पटकथाकारांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप करून ओटीटीच्या मोबदल्यात वाढ मिळवली. आपल्याकडे कायदा लेखकाच्या बाजूने आहे. पण एकेकट्या लेखकाला तो बजावून घेता येणार नाही. त्यासाठी संघटनेनेच किमान अटींचा करार निर्मात्यांकडून मान्य करून घ्यायला हवा.