आजार आईचा, सही तुमची: शुभंकरांच्या संस्थांकडे आपली माहिती किती सुरक्षित?

गेल्या पावसाळ्यात एक ताई बीपी तपासायला आल्या. एरवी १३०च्या आसपास असणारं त्यांचं वरचं बीपी त्या दिवशी १६० निघालं. झोप होत नाही, म्हणाल्या. त्यांच्या सासूबाईंना तीन वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे, रात्री उठून त्या दाराची कडी काढायला जातात. मला वाटलं, त्याचीच जागरणं असतील.

"त्याची सवय झाली, डॉक्टर. हे फोन झोपू देत नाहीत."

घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांना आधार देणाऱ्या एका संस्थेत त्यांनी नाव नोंदवलं होतं. मोठा फॉर्म भरला, आधार कार्डाची झेरॉक्स दिली, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये त्यांचा नंबर टाकला गेला. महिन्याभरात डायपर विकणाऱ्यांचे, आया-ब्युरोवाल्यांचे आणि 'मेंदूच्या टॉनिक'वाल्यांचे फोन सुरू झाले. इथपर्यंत त्यांनी सहन केलं. मग एकाने सासूबाईंचं नाव घेऊन विचारलं, "आजी दुपारी एकट्याच असतात ना?" त्याच संध्याकाळी ताई ग्रुपमधून बाहेर पडल्या आणि संस्थेच्या महिन्याच्या बैठकीला जाणंही त्यांनी बंद केलं. मोकळेपणी रडता येईल अशी ती त्यांची एकच जागा होती.

माहिती कुठून फुटली ते कळलं नाही. संस्थेतूनच फुटली असं मी म्हणणार नाही. ग्रुपमध्ये दोनशे माणसं होती आणि औषधाच्या दुकानातही त्यांचा नंबर होता. पण अशा संस्थांकडे आपलं काय काय जमा असतं आणि ते कोण सांभाळतं, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही. सध्या तो विचारण्याला एक कारणही आहे. देशाचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि त्यातल्या वेळापत्रकानुसार मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७पासून लागू व्हायच्या आहेत. या मधल्या काळात संस्था आपले फॉर्म बदलतील किंवा बदलणार नाहीत. ते बऱ्याच अंशी तुम्ही काय विचारता यावर ठरेल.

एका फॉर्मवर दोन माणसं

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे स्वमदत गट रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. मला हे शब्द आवडतात, म्हणून इथे तेच वापरतो.

दवाखान्यात तुम्ही येता तेव्हा केसपेपरवर एका माणसाची माहिती असते. शुभंकरांच्या संस्थेत दोघांची असते. शुभंकराचं नाव, फोन, नोकरी, पगार, स्वतःची दुखणी, "मला कधी कधी त्यांच्यावर हात उगारावासा वाटतो" अशी समुपदेशकाला दिलेली कबुली. आणि शुभार्थीचा आजार, औषधं, कपड्यात लघवी होते का, घरातून निघून जातात का, घरी कधी कोण नसतं. ही दुसरी माहिती देणारा माणूस वेगळा आणि ती ज्याची आहे तो वेगळा. सासूबाईंना कुणी विचारलेलंच नसतं. कधी विचारण्याचा उपयोग नसतो हे खरं, पण कधी असतो, तरी आपण विचारत नाही. आजाराच्या सुरुवातीला माणसाला पुष्कळ कळत असतं.

मी डॉक्टर म्हणून वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेने बांधलेला आहे, रुग्णाचं गुपित बाहेर सांगितलं तर माझी नोंदणी धोक्यात येऊ शकते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ उपचार करणाऱ्यांवर गोपनीयतेचं बंधन घालतो. त्याच वर्षीचा एचआयव्ही-एड्स कायदा आणखी पुढे जातो: विश्वासाने कळलेली एचआयव्हीची माहिती संमतीशिवाय कुणीच उघड करायची नाही. पण पार्किन्सन, पक्षाघात, कॅन्सर, स्मृतिभ्रंश यांच्या संस्थेत शनिवारी दोन तास येऊन फोन घेणाऱ्या स्वयंसेवकावर असं कुठलं व्यावसायिक बंधन नसतं. तो भला माणूस असतो, बहुधा स्वतः शुभंकर राहिलेला. त्याच्या फोनमध्ये तुमच्या आईचे रिपोर्ट असतात आणि तोच फोन त्याचा नातू गेम खेळायला घेतो.

नवा कायदा काय देतो

पहिली गोष्ट, तो धर्मादाय संस्थांनाही लागू आहे. २०११च्या जुन्या नियमांत वैद्यकीय नोंदी 'संवेदनशील' गणल्या जायच्या, पण ते नियम व्यापारी किंवा व्यावसायिक काम करणाऱ्या कंपन्या-मंडळांपुरते होते. नव्या कायद्यात ट्रस्ट, सोसायटी, नोंदणी नसलेला गट, सगळे येतात. मात्र आजाराच्या माहितीसाठी वेगळा, कडक वर्ग त्यात ठेवलेला नाही. तुमचा ईमेल आणि तुमच्या वडिलांचं स्किझोफ्रेनियाचं निदान एकाच तागडीत. मला हे पटलेलं नाही.

दुसरी, संमती मागताना कोणती माहिती आणि कशासाठी हे साध्या शब्दांत वेगळं सांगावं लागेल. ही सूचना मराठीत मिळण्याचाही हक्क आहे, कारण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी कुठलीही भाषा निवडण्याची सोय कायद्यात आहे. तिसरी, कामापुरतीच माहिती. कायद्यात यासाठी एक उदाहरण दिलं आहे ते टेलिमेडिसिन अ‍ॅपचं: अ‍ॅपने तुमच्या फोनमधली नंबरांची यादी मागितली आणि तुम्ही 'हो' म्हणालात, तरी उपचाराला ती लागत नसल्याने ते 'हो' धरलं जात नाही. हेच तुमच्या संस्थेला लावून बघा. व्हीलचेअर उसनी देण्यासाठी घरातल्या सगळ्यांचं उत्पन्न कशाला लागतं? सवलत ठरवायला लागत असेल तर ठीक, तसं लिहा. नुसतं "माहिती असू द्यावी" हे कारण होत नाही.

संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे. माहिती फुटली तर संस्थेने विनाविलंब तुम्हाला कळवायचं आहे, आणि डेटा संरक्षण मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत द्यायचा आहे. तुमच्या तक्रारीला उत्तर द्यायला जास्तीत जास्त ९० दिवस. सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. एका खोलीत चालणाऱ्या संस्थेला हा आकडा ऐकूनच घाम फुटेल. एवढा दंड अशा संस्थेला कुणी लावेल असं मला वाटत नाही, पण भीतीपोटी संस्थेनं काम आवरतं घेतलं तर नुकसान तुमचंच. म्हणून संस्थेकडे भांडायला जाऊ नका, विचारायला जा.

चूक बहुधा साधीच असते

माहिती चोरीला जाते म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर हॅकर येतो. लहान संस्थांत गोष्ट फार साधी असते. ब्रिटनमधल्या 'एचआयव्ही स्कॉटलंड' या धर्मादाय संस्थेने फेब्रुवारी २०२०मध्ये १०५ जणांना एक ईमेल पाठवला. सगळ्यांचे पत्ते लपवून टाकायच्या रकान्याऐवजी उघड्या रकान्यात पडले. त्यातल्या ६५ पत्त्यांवरून माणसाचं नाव ओळखता येत होतं, आणि अशा यादीत नाव दिसलं की लोक त्या माणसाच्या आजाराचा अंदाज बांधणार. तिथल्या माहिती आयुक्तालयाने संस्थेला १०,००० पौंड दंड केला.

आपल्याकडे हीच चूक रोज होते, तिला आपण 'ग्रुप' म्हणतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घातलं की प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. 'डिमेन्शिया फॅमिलीज' नावाच्या ग्रुपमध्ये तुमचा नंबर आहे याचा अर्थच तुमच्या घरी गोंधळलेलं, बहुधा बँकेत थोडे पैसे असलेलं म्हातारं माणूस आहे. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली म्हाताऱ्यांना लुटणाऱ्या टोळ्यांना याहून चांगली यादी कुठे मिळणार? संस्थेला फक्त सूचना पाठवायच्या असतील तर ब्रॉडकास्ट यादी पुरते, त्यात एकाला दुसरा दिसत नाही. गप्पांसाठी ग्रुप हवाच असेल तर आत घेण्यापूर्वी विचारावं. आणि ग्रुपमधल्या एखाद्या सदस्याने तुमची हकिकत आपल्या घरच्यांना फॉरवर्ड केली तर कायदा तिथे पोचण्याची शक्यता कमी, कारण वैयक्तिक आणि घरगुती वापर त्याने वगळला आहे.

मी शहाणपणा शिकवतोय, पण काही वर्षांपूर्वी मीसुद्धा डॉक्टरांच्या ग्रुपवर सल्ल्यासाठी एमआरआयचा फोटो टाकला होता, कोपऱ्यातल्या नावासकट. एका सहकाऱ्याने खासगीत सांगितलं, मग काढला. तोवर चाळीस जणांनी पाहिला होता.

फोटोंचं प्रकरण तर वेगळंच. देणगीदाराला अहवालात चेहरे हवे असतात, आणि फॉर्मच्या शेवटी बारीक अक्षरात फोटोची संमती बाकीच्या संमतीबरोबर उरकून घेतात. ती वेगळी मागायला सांगा. नकार दिल्याने तुमची सेवा थांबता कामा नये, कारण कायद्याला संमती विनाअट हवी आहे.

आईच्या वतीने 'हो' कोण म्हणणार?

इथे कायदा आपल्याला अर्ध्या वाटेत सोडतो. अपंग व्यक्तीला कायदेशीर पालक असेल तर त्या पालकाची पडताळून घेतलेली संमती लागेल. असा पालक न्यायालय, दिव्यांग कायद्याखालचं प्राधिकरण किंवा नॅशनल ट्रस्ट कायद्याखालची स्थानिक समिती नेमते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांचे आईवडील या समितीचा रस्ता ओळखतात. पण स्मृतिभ्रंशाच्या आईसाठी कुणी पालकत्वाचा आदेश आणलेला नसतो. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार देशात साठीवरच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांची मुलं, सुना, जावई रोज त्यांच्या वतीने सह्या करतात, आणि त्या सह्यांना या कायद्यात ठरलेली जागा नाही.

दोन गोष्टी मात्र करता येतात. आजार लवकर कळला असेल तर आईलाच नामनिर्देशन करू द्या. मृत्यू झाल्यास, किंवा मानसिक वा शारीरिक असमर्थता आल्यास, आपल्या माहितीबाबतचे हक्क कुणी वापरायचे हे ठरवण्याची मुभा कायद्यात आहे. ही तरतूद लागू व्हायला वेळ आहे, पण आईची समज त्याची वाट पाहणार नाही. संस्थेला आजच आईच्या सहीने तसं पत्र देऊन ठेवा.

दुसरी गोष्ट, आईच्या नावाने सही ठोकू नका. प्रेमापोटी सगळे करतात. पण माहिती देताना दुसऱ्याचं सोंग घेऊ नये हे या कायद्याने आपल्यावरही टाकलेलं कर्तव्य आहे, आणि त्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. स्वतःचं नाव, नातं लिहा आणि स्वतःची सही करा.

म्हणून काहीच सांगायचं नाही, असं समजू नका. एका काकांनी संस्थेकडून मदतनीस घेताना पत्नीला फिट येतात हे लपवलं. न्हाणीघरात फिट आली तेव्हा त्या मुलीला काय करावं कळेना, आणि पत्नीच्या कपाळाला सात टाके पडले. मदतनिसाला फिट, अ‍ॅलर्जी, पडण्याचा धोका आणि हिंसक होण्याच्या वेळा कळल्याच पाहिजेत. त्याच मदतनिसाला निदानाचं वर्ष, घराचं उत्पन्न किंवा मुलगा अमेरिकेत असतो हे कळायची गरज नाही. आधार कार्ड मागितलं तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या, यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ते फुकट उतरवता येतं.

ताईंनी दिवाळीनंतर संस्थेला पत्र लिहिलं. माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, ती कोण कोण पाहतं, आणि मी सोडल्यावर ती कधी पुसाल, एवढे तीनच प्रश्न. तीन आठवड्यांनी सचिवबाईंचा फोन आला. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांना शोधावी लागली होती, तिसऱ्याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता, हे त्यांनी सरळ सांगितलं. ग्रुप आता बंद आहे, निरोप एकेकट्याला जातात. फॉर्ममधले नऊ रकाने काढले आहेत. ताई जानेवारीपासून परत बैठकीला जातात.

दारातल्या टेबलावर हजेरीची वही अजून असते, नाव, फोन आणि 'रुग्णाचा आजार' असे तीन रकाने असलेली. वहीतली माहिती कॉम्प्युटरवर चढत नाही तोवर हा कायदा तिला लागूच होत नाही. ताई तिसऱ्या रकान्यात रेघ मारतात. गेल्या महिन्यात वर पाहिलं तर आधीच्या चौघांनीही रेघच मारली होती, असं त्या बीपीचा पट्टा सोडवताना मला सांगत होत्या.