बाळंतिणीच्या खोलीतला काळोख

चित्रपटांचे परीक्षण हा अग्रलेखाचा विषय नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. तथापि काही चित्रपट पडद्यावरून उतरून थेट आपल्या माजघरात येऊन बसतात. मेरी ब्रॉनस्टीन या अमेरिकन दिग्दर्शिकेचा ‘इफ आय हॅड लेग्ज आय'ड किक यू’ हा त्यांपैकी एक. २०२५ च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात त्यातील प्रमुख भूमिकेसाठी रोझ बर्न हिला रौप्य अस्वल मिळाले. कथा एका आईची आहे. मुलगी आजारी, तिला नळीवाटे अन्न द्यावे लागते. नवरा कामानिमित्त दूर, फोनवरून उपदेश करण्यापुरता घरात. आणि त्यातच राहत्या घराचे छत कोसळते. ही बाई स्वतः मानसोपचार करणारी. दिवसभर इतरांची दुःखे ऐकते, आणि तिचे ऐकावे म्हणून ज्याच्याकडे जाते तो सहकारी पुरता कंटाळलेला. मुलीचा आवाज आपल्या कानांवर सतत आदळत राहतो. तिचा चेहरा मात्र दिग्दर्शिका जवळजवळ शेवटपर्यंत दाखवीत नाही. आईला तो दिसेनासा झाला आहे, म्हणून आपल्यालाही दिसत नाही.

हे सारे परदेशातले, तिकडच्या एकट्या कुटुंबांचे दुखणे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण मराठी प्रेक्षकाला ती सवलत नाही. १९८२ मध्ये डॉ. जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ आला. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेला. स्मिता पाटील यांची सुलभा महाजन घर, नवरा आणि लहानगी मुलगी मागे ठेवून संगमवाडीच्या महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. मुलीला निपुत्रिक जाऊबाई जीव लावते, आणि सुलभा परत येते तेव्हा ती मुलगी आपली राहिलेली नसते. तो चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या गर्दीत ‘कसली ही आई!’ असे उद्गार आम्ही स्वतः ऐकले आहेत, आणि ते काढणाऱ्यांत बायका कमी नव्हत्या. नवऱ्याने परस्त्रीशी संबंध ठेवल्याचे त्याच्याच तोंडून कळते. त्याबद्दल मात्र ‘कसला हा बाप’ असे कोणी म्हटल्याचे आम्हांस आठवत नाही. त्याच स्मिताबाई पुढे १३ डिसेंबर १९८६ रोजी, मुलाच्या जन्मानंतर अवघ्या दोन आठवड्यांत, प्रसूतीनंतरच्या गुंतागुंतीने गेल्या. वय एकतीस. रसिकांनी हळहळ खूप केली. बाळंतपण हा आजही जिवावर बेतणारा प्रसंग असू शकतो, हा विचार त्या हळहळीत फारसा नव्हता.

आपल्याकडे ‘श्यामची आई’ला १९५३ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि ते रास्तच होते. आचार्य अत्र्यांच्या त्या चित्रपटाविषयी आमच्या मनात आदराखेरीज काही नाही. पण ती कथा लेकाच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. आईच्या डोळ्यांनी आईपण पाहायला आपण फार उशिरा शिकलो; किंबहुना शिकलो आहोत की नाही, याचीच शंका वाटते.

ही शंका आम्हांस अलीकडे उज्जैनला आली. तेथील माधव नगरात एका मराठी परिचितांकडे आमचा मुक्काम होता. शिंद्यांच्या राजवटीने या नगरीत रुजविलेली मराठी कुळे आजही घरात मराठी बोलतात, अर्ध्या वाक्यात हिंदीत शिरतात आणि पुन्हा परततात. (महाकालाचे मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभारणारे राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी हे आपल्याच सारस्वतांपैकी, हे किनाऱ्यावरच्या वाचकांस सांगावयास नको.) घरात महिनाभराचा मुलगा होता. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, कशाची म्हणून उणीव नव्हती. सून मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेली. बाळ रडले की दचकून उठे, यंत्रासारखे पाजी आणि पुन्हा पडे. एका दुपारी ती आत्यासासूला एवढेच म्हणाली, ‘‘आत्या, याच्याकडे बघून मला काहीच वाटत नाही हो. मला कुणी डाँटू नका.’’ घरात एकदम शांतता पसरली. मग कोणी म्हणाले दृष्ट लागली. दारावर लिंबू-मिरच्या टांगल्या गेल्या, महाकालाचा अंगारा आला. आम्हीही तेथे बसलो होतो. ‘होईल सारे ठीक’ असे पुटपुटलो आणि वर्तमानपत्र उघडले. या ओळी लिहिताना त्याची लाज वाटते.

लाज अधिक वाटण्याचे कारण असे की, या दुखण्याचा पाया घातल्यासारखा अभ्यास आमच्याच गोव्यात झालेला आहे. डॉ. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी येथील एका जिल्हा रुग्णालयातील २७० गर्भवतींचा मागोवा घेतला. निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी ज्या २५२ मातांची मुलाखत झाली, त्यांपैकी ५९ जणी, म्हणजे शंभरात तेवीस, नैराश्याने ग्रासलेल्या होत्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही सावरलेल्या नव्हत्या. बहुतेकींच्या मनाचा त्रास गरोदरपणातच सुरू झालेला. कारणे काय? घरची ओढगस्त, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, आणि मुलगी झाल्याने घरात पडलेले सुतक. अशा मातांच्या बाळांची वाढही खुंटते, हे याच अभ्यासकांनी पुढच्या वर्षी दाखविले. ज्या घराला सुनेच्या मनाशी कर्तव्य नाही, त्याने निदान नातवाच्या वजनासाठी तरी हे वाचावे.

आमचे पूर्वज या बाबतीत अगदीच अजाण नव्हते. सटीच्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत जाग ठेवायची, तिला आणि बाळाला एकटे सोडायचे नाही, दिवा विझू द्यायचा नाही, हा दंडक कोकणात घरोघर होता. भय त्यांनी बाहेरच्या बाधेचे मानले, हे खरे. पण त्या खोलीत काहीतरी घडू शकते, एवढे त्यांनी ओळखले होते. आपण बाधा मोडीत काढली ती योग्यच; तिच्याबरोबर ती जागही गेली. आता सटीला फोटो निघतात, पाहुणे जेवतात, आणि रात्री बाळंतीण एकटीच जागी असते.

कायद्याने आपले काम थोडेफार केले आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा सव्वीस आठवड्यांची झाली. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने, उपचारार्थ दाखल झालेल्या मातेपासून तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तोडू नये, असे सांगितले. परंतु काजूच्या कारखान्यात रोजंदारी करणारीला आणि मासळीची पाटी घेऊन बाजारात बसणारीला सव्वीस आठवडे कोण देणार? आणि वेडी म्हणतील या भयाने जी डॉक्टरकडे जातच नाही, तिला ते दुसरे कलम काय कामाचे?

तेव्हा आमची मागणी फार मोठी नाही. बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला लस टोचण्यासाठी आई आरोग्यकेंद्रात येतेच. तेथे बाळाचे वजन होते, आईला दूध पुरते का विचारतात. तिला झोप लागते का, जीव नकोसा वाटतो का, हे दोन प्रश्न सासूला बाजूला बसवून विचारायला कोणतीही नवी इमारत लागत नाही. पुढची सोबत वस्तीतल्याच साध्या बायकांना शिकवून करता येते, हे ‘संगाथ’ या गोमंतकीय संस्थेच्या प्रयोगाने दाखविले आहे. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. लाभ चमत्कारासारखा नव्हता, पण होता. सरकारने तो प्रयोग अहवालात न ठेवता प्रत्येक आरोग्यकेंद्रात उतरवावा.

उज्जैनहून परवा पत्र आले. आत्याबाईंनी हट्टाने सुनेला डॉक्टरकडे नेले; औषध सुरू आहे. रात्री दोनच्या पाजण्यानंतर बाळाला घेऊन आता सासरे ओसरीत फेऱ्या मारतात, आणि ती पहाटेपर्यंत झोपते. लिंबू-मिरच्या अजून दारावर आहेत, असेही त्यांनी लिहिले आहे.